दुसरा नंबर

बाफना कॅसेट्सच्या दारात एक काळा फळा असायचा.
दर शनिवारी मी तो ओल्या फडक्यानं पुसायचो
आणि दहा नावं लिहायचो, खडूनं, जरा तिरकीच.
रविवारी तीच यादी एका पेपरात यायची,
कोपऱ्यात, चष्म्याच्या जाहिरातीखाली.
भवानी पेठ काय ऐकते
ते आठ वर्षं माझ्या अक्षरात होतं.

स्टॅबिलायझर.
नाव विल्सननं ठेवलं, कारण व्होल्टेज पडलं
की त्याचा की-बोर्ड रडायला लागायचा.
विल्सन साळवे पंचहौदचा, नाझनीन तांबोळी घोरपडीची,
आणि सुलक्षणा बोत्रे,
जी नाचताना गातोय हे विसरून जायची
आणि तरी सूर सोडायची नाही.

पहिली कॅसेट नवी पेठेत झाली, पिठाच्या गिरणीच्या वर,
रात्री साडेनऊनंतर, गिरणी थांबल्यावर.
एका रात्री कुणाचं तरी लग्नाचं दळण राहिलं होतं.
‘नळ स्टॉपला उतर’च्या दुसऱ्या कडव्यात
बॅलन्सचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवा:
पट्टा ऐकू येतो.
फट, फट, फट.
लोकांना वाटलं, नवीन ड्रम आणलाय.

नोंदवही अजून आहे माझ्याकडे. निळी शाई, पुठ्ठ्यावर चहा.
जानेवारी अठ्ठ्याण्णव, तिसरा आठवडा: नववा.
मग सातवा. मग सातवाच.
कॉलेजांची गॅदरिंगं लागली आणि चौथा.
मार्चात परीक्षा, म्हणजे फळ्यावर नाहीच.
एप्रिलात बँडवाल्यांनी चाल उचलली,
वरातीत नवरदेवाचे काका नळ स्टॉपला उतरू लागले: तिसरा.
मेचा दुसरा आठवडा. खपल्या एकसष्ट.
त्याखालची एका सिनेमाची, अठ्ठावन्न.

कांतिशेठ पेनाचं टोपण चावत म्हणाले,
भिंतीवरचं घड्याळ सिनेमावाल्यांनी दिलंय ना.
मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.
काटा कंपनीच्या नावावरून पुढे सरकला.
मी लिहिलं: दोन, स्टॅबिलायझर.
इतका वळणदार दोन
मी त्याआधी कधी काढला नव्हता.

संध्याकाळी सुलक्षणा आली, कॅनव्हासचे बूट,
बाहेर लूना चालूच.
फळ्यापुढे बराच वेळ उभी राहिली. म्हणाली,
“एकवर काय, कुणीही असतं. दोन छान दिसतोय.”
आणि मला पेढा दिला. अर्धा.
अर्धा तिनं खाल्ला.

पुढच्या शनिवारी सहावा. मग नाहीच.

दुसरी कॅसेट ‘फुगडी डॉट कॉम’, सन दोन हजार.
चौदा गेल्या, त्यातल्या पाच विल्सनच्या मावशीनं नेल्या.
फळ्याचा आणि त्यांचा परत संबंध आला नाही.
नाझनीन मस्कतला. विल्सन चर्चमध्ये वाजवतो,
ऐकणारे सांगतात, फार सावकाश.
दुकानात मोबाईलची कव्हरं आली,
आणि मी पाण्याच्या फिल्टरांकडे वळलो.

परवा धायरीला, एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये,
जुनी कँडल काढत होतो. हात ओले.
वरच्या मजल्यावरून
फट, फट, फट.

जिना चढलो.
पंधरावीस बायका, गुडघ्यांना पट्टे,
आणि पुढे ती, केस पांढरे, तसेच आखूड.
तिनं मला ओळखलं नाही.
“फिल्टर खाली आहे, दादा.”
तोंडात वाक्य तयार होतं: एकसष्ट, अठ्ठावन्न, घड्याळ.
पंचवीसेक वर्षं घोळवून गुळगुळीत झालेलं.

तेवढ्यात मागच्या रांगेत कुणाचं पाऊल चुकलं.
ती थांबली, गाणं मागे घेतलं,
आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली:
“परत! एकपासून!”